लिथियम पॅक चार्ज होत नाही? आधी प्रत्येक सेलचे व्होल्टेज मोजा

बॅटरीवर चालणारा फवारणी पंप दोन टाक्यांतच दम सोडतो. ई-सायकल चार्जिंगला लावली की पाच मिनिटांत हिरवा दिवा लागतो आणि दोन किलोमीटरवर गाडी बंद पडते. सोलर दिवा संध्याकाळी लागतो आणि नऊच्या आत विझतो. दुरुस्तीच्या दुकानात अशा तक्रारी रोज येतात आणि बऱ्याचदा निदानही ठरलेले असते: ‘बीएमएस गेलाय, बदलावा लागेल.’ नवा बीएमएस बसतो आणि आठवडाभरात तीच तक्रार परत येते. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी बीएमएस ‘डायरेक्ट’ करून दिला जातो. पॅक चालू होतो, गिऱ्हाईक खूश होते आणि घरात आगीचा धोका येऊन बसतो.

एखादा सेल मर्यादेबाहेर गेला की पॅकची वाट तोडायची, यासाठीच बीएमएस, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमचा बोर्ड, बसवलेला असतो. म्हणून त्याने पॅक बंद केला तर ‘हा का बिघडला?’ असे विचारण्याआधी ‘याला कोणत्या सेलमध्ये काय दिसले?’ असे विचारा. त्याचे उत्तर साध्या डिजिटल मल्टीमीटरने मिळू शकते. मीटर आणि सोल्डरिंग गन हाताळता येणाऱ्या मेकॅनिकना, आयटीआयच्या विद्यार्थ्यांना आणि हौशी मंडळींना उपयोगी पडेल अशी तपासणीची पद्धत इथे क्रमाने दिली आहे.

पॅक उघडण्याआधी

अंगठी, कडे, बांगडी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा. पॅकला स्विच नसतो. तो ‘उतरलेला’ असला तरी शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर देऊ शकतो. डोळ्यांवर चष्मा घाला, पकड-स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि लाकडी किंवा रबरी पृष्ठभागावर काम करा. मीटरची लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्येच आहे ना, हे दर वेळी बघा. ती अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिली आणि प्रोब सेलला लागला, तर तो थेट शॉर्ट असतो.

फुगलेला, गळणारा, गोडसर उग्र वास येणारा किंवा पाण्यात बुडालेला पॅक उघडू नका. वॉरंटीतल्या गाडीचा पॅकही उघडू नका, तो विक्रेत्याकडेच जाऊ द्या. साठ व्होल्टच्या वरच्या पॅकचे काम त्याचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच करावे.

आधी आकडे पाठ हवेत

बाजारात मुख्यतः दोन जातींचे सेल येतात. एनएमसी जातीच्या, म्हणजे नेहमीच्या लिथियम-आयन सेलचे सरासरी व्होल्टेज ३.६ ते ३.७, पूर्ण चार्ज ४.२० आणि रिकामा झाल्यावर साधारण ३.० असते. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे दुकानातल्या भाषेत एलएफपी, सेलचे सरासरी ३.२, पूर्ण चार्ज ३.६५ आणि रिकामा साधारण २.५ असते. पॅक कोणत्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चार्जरचे व्होल्टेज सेलच्या संख्येवरून ठरते. तीन सेल सिरीजमध्ये असलेल्या पॅकला १२.६ व्होल्ट, दहाला ४२, तेराला ५४.६ लागतात. चार एलएफपी सेलच्या पॅकला १४.६ व्होल्ट लागतात. पॅरेललमध्ये जोडलेले सेल मिळून एक गट होतो आणि सगळी मोजणी गटवार करायची असते.

इथे एक धोका मुद्दाम सांगायला हवा. फवारणी पंपात पूर्वी लेड-ॲसिड बॅटरी असायची. आता त्याच जागी तीन सेलचा लिथियम पॅक बसवला जातो आणि चार्जर मात्र जुनाच वापरला जातो, कारण पिन तीच असते. तो चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे प्रत्येक सेलच्या वाट्याला ४.८ व्होल्ट येऊ शकतात. तिथे अपघात रोखणारा फक्त बीएमएस उरतो. तो बायपास केलेला असेल तर काहीच उरत नाही. जुना चार्जर गिऱ्हाइकाकडून काढून घ्या.

हिरवा दिवा काय सांगतो?

लिथियम चार्जर आधी ठरावीक करंटने पॅक भरतो. व्होल्टेज मर्यादेला पोचले की ते तिथेच धरून ठेवतो आणि करंट हळूहळू घटत जातो. करंट मूळच्या साधारण एक दशांशावर आला की चार्जर हिरवा दिवा लावतो. म्हणजे हिरव्या दिव्याचा अर्थ ‘करंट जवळजवळ जात नाही’ एवढाच आहे. पॅक भरला तरी तो लागतो, वायर तुटली तरी लागतो आणि बीएमएसने दार बंद केले तरी लागतो.

म्हणून पहिली मोजणी चार्जरची करा. पॅक न लावता चार्जरच्या पिनवर व्होल्टेज घ्या. १२.६ च्या जागी १२.५ ते १२.७ दिसले तर ठीक. १२.० दिसले तर पॅक कधीच पूर्ण भरणार नाही आणि बॅलन्सिंगही, म्हणजे सगळे गट सारख्या चार्जवर आणण्याचे काम, सुरू होणार नाही. मग चार्जर पॅकला लावून पुन्हा मोजा. चार्जर चांगला असेल तर त्याचे व्होल्टेज खाली येऊन पॅकच्या व्होल्टेजशी जुळते, कारण करंट वाहू लागलेला असतो. ते १२.६ वरच अडून राहिले आणि पॅक मात्र ११ वर असेल, तर दोघांमधली वाट कुठेतरी बंद आहे. चार्जिंग सॉकेट, फ्यूज आणि सॉकेटमागचा डाग आधी बघा. फवारणी पंपात औषधाच्या थेंबांनी सॉकेट गंजलेले असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

त्यानंतर बीएमएसच्या बी-मायनस आणि पी-मायनस या दोन बिंदूंमध्ये व्होल्टेज घ्या. चार्जिंगची वायर वेगळी असलेल्या बोर्डवर पी-मायनसऐवजी सी-मायनस घ्या. बीएमएसचे मॉसफेट चालू असतील तर तिथे काही मिलिव्होल्टच दिसतात. व्होल्टभर किंवा त्याहून जास्त दिसले तर बीएमएसने वाट तोडली आहे. नवा बसवलेला किंवा पूर्ण उतरलेल्या पॅकवरचा बीएमएस झोपलेलाही असू शकतो. असे बरेच बोर्ड एकदा चार्जर लावला की जागे होतात. एवढ्यावरून त्याला नापास करू नका.

बेरीज फसवते

फवारणी पंपाच्या तीन सेलच्या पॅकचे उदाहरण घेऊ. चार्जर हिरवा झाल्यावर दोन टोकांना मोजले तर १२.४६ व्होल्ट दिसतात. १२.६ च्या जवळच आहेत, म्हणजे पॅक भरला असे वाटते. आता मीटर २० व्होल्टच्या रेंजवर ठेवून प्रत्येक गट मोजा: पहिला ४.२७, दुसरा ३.९३, तिसरा ४.२६.

सगळा उलगडा इथे होतो. पहिला गट मर्यादेच्या वर गेला म्हणून बीएमएसने चार्जिंग तोडले. दुसरा अजून बराच रिकामा आहे. पंप चालवला की तोच सगळ्यात आधी तळाला जाईल आणि बीएमएस पुन्हा तोडेल, या वेळी डिस्चार्जच्या बाजूने. पहिल्या आणि तिसऱ्या गटात चार्ज शिल्लक असूनही पंप थांबेल. बोर्ड त्याचे काम चोख करतो आहे आणि आजार दुसऱ्या गटात आहे.

पॅक भरून तासभर विश्रांती दिल्यावर गटांमध्ये २०-३० मिलिव्होल्टचा फरक असेल तर पॅक निरोगी समजा. ५० च्या आसपास असेल तर बॅलन्सिंगला वेळ द्या. १०० च्या पुढे गेला तर कारण शोधल्याशिवाय पॅक परत देऊ नका.

एलएफपीच्या बाबतीत एक काळजी घ्या. त्या सेलचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असते. अर्धवट भरलेल्या पॅकमध्ये सगळे गट ३.२८ दाखवतील आणि तरी चार्जमध्ये मोठी तफावत असेल. तिथे पॅक भरत आल्यावर, गट ३.४० च्या वर चढू लागले की मगच तुलना करा.

तीन वेळा मोजा, चार आजार ओळखा

कमी व्होल्टेज दिसलेला प्रत्येक गट बाद नसतो. कागदावर तक्ता आखा आणि प्रत्येक गटाचे तीन आकडे लिहा: चार्जिंग संपताना, लोड चालू असताना आणि बीएमएस पॅक बंद करण्याच्या बेतात असताना. लोडसाठी गाडीचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा हॅलोजन दिवा उत्तम. तो साधारण साडेचार अँपिअर घेतो. ४८ व्होल्टच्या पॅकला असे चार दिवे सिरीजमध्ये लावा. दिवा खूप तापतो, त्यामुळे तो पॅकपासून आणि प्लॅस्टिकपासून लांब ठेवा.

१. गट भरल्यावरही मागे, उतरल्यावरही मागे, पण लोडवर इतरांइतकाच खाली जातो. हा फक्त चार्जमध्ये मागे पडला आहे. बॅलन्स केला की ठीक होईल.

२. गट चार्जिंगमध्ये सगळ्यात आधी वर पोचतो आणि डिस्चार्जमध्ये सगळ्यात आधी खाली येतो. याची क्षमता घटली आहे. कितीही बॅलन्स करा, उपयोग नाही. यात पॅरेलल सेलपैकी एकाची निकेल पट्टी सुटलेली असू शकते. प्लॅस्टिकच्या काडीने प्रत्येक वेल्ड हलकेच उचलून बघा. पट्ट्या पक्क्या असतील तर गट बदला.

३. विश्रांतीत सगळे सारखे, पण लोड लावताच एक गट धाडकन पडतो आणि लोड काढताच परत वर येतो. इतर गट ०.०९ व्होल्ट पडतात आणि हा ०.३६ पडतो. साडेचार अँपिअरने भागले की इतरांचा रोध २० मिलिओहम आणि याचा ८० निघतो. इथे सेल म्हातारा झाला आहे किंवा जोड सैल आहे. प्रोब आधी पट्टीवर आणि मग थेट सेलच्या टोपीवर ठेवून लोडवर पुन्हा मोजा. टोपीवर घसरण कमी दिसली तर दोष जोडाचा.

४. बॅलन्स करून दिलेला पॅक पंधरा दिवसांत परत येतो आणि तोच गट पुन्हा मागे असतो. हा गट आपोआप झिरपतो आहे. पण तो स्वतः झिरपतो की बीएमएस त्याला पितो, हे ठरवायला हवे. पॅक भरा, बॅलन्सचा कनेक्टर काढून आठवडाभर ठेवा आणि मोजा. तरीही गट उतरला तर सेल खराब. कनेक्टर काढल्यावर टिकला आणि लावल्यावर उतरला, तर दोष बीएमएसचा. नवा बीएमएस घ्यायला हे कारण पुरेसे आहे.

सेन्स वायर खोटे बोलू शकते

बीएमएसला सेल दिसतात ते बारीक सेन्स वायरींमधून. त्यातली एक गंजली किंवा तिचा डाग सुटला की बोर्डला चुकीचे आकडे दिसू लागतात. ही खूण ओळखायला सोपी आहे. कनेक्टर जोडलेला ठेवून आधी सेलच्या पट्टीवर आणि मग बोर्डाच्या पिनवर मोजा. समजा पट्टीवर दुसरा आणि तिसरा गट दोन्ही ४.०८ आहेत, पण पिनवर दुसरा ४.३१ आणि तिसरा ३.८५ दिसतो. बेरीज दोन्हीकडे ८.१६ च येते. शेजारचे दोन गट, एक जितका वर तितकाच दुसरा खाली, असे दिसले की त्या दोघांच्या मधली वायर संशयित. डाग नव्याने द्या, कनेक्टरची पिन साफ करून घट्ट करा. दोन रुपयांच्या वायरीसाठी हजारोंचा पॅक टाकला जाऊ नये.

बीएमएस काढताना आधी बॅलन्सचा कनेक्टर काढा, मग बी-मायनस. लावताना आधी बी-मायनसचा डाग, मग कनेक्टर. कनेक्टर लावण्याआधी त्याच्या शेजारशेजारच्या पिनांमध्ये मोजा. प्रत्येक जोडीत एका गटाचेच व्होल्टेज दिसले पाहिजे. एका ठिकाणी सात-आठ व्होल्ट किंवा उलटे चिन्ह दिसले तर क्रम चुकला आहे. तसाच कनेक्टर लावला तर नवा बोर्ड तिथेच जळू शकतो.

बॅलन्सिंग खरेच होते आहे का?

स्वस्त बोर्डांत बॅलन्सिंग असतेच असे नाही. तीन सेलचे काही बोर्ड दिसायला सारखेच असतात, पण त्यातल्या एका प्रकारात बॅलन्सिंगचे भागच बसवलेले नसतात. बॅलन्सिंग असेल तर प्रत्येक गटासाठी सारखा दिसणारा एकेक रेझिस्टर रांगेत असतो. त्यावर १०१ लिहिले असेल तर १०० ओहम, ६२० असेल तर ६२ ओहम.

गट वर पोचला की बोर्ड हा रेझिस्टर त्याच्यावर जोडतो आणि जास्तीचा चार्ज उष्णता म्हणून जाळतो. ४.२ व्होल्टला ६२ ओहम म्हणजे साधारण ६८ मिलिअँपिअर, १०० ओहम म्हणजे ४२. आता हिशोब करा. दहा अँपिअर-अवरच्या गटात दहा टक्के फरक असेल तर तो एक अँपिअर-अवर होतो. ६८ मिलिअँपिअरने तो भरून निघायला जवळजवळ पंधरा तास लागतात. साध्या बोर्डांत हे काम फक्त पॅक पूर्ण भरत आल्यावर, सेल ४.२० च्या जवळ असतानाच चालते. हिरवा दिवा दिसताच चार्जर काढणाऱ्या माणसाच्या पॅकमध्ये बॅलन्सिंगला वेळच मिळत नाही. चांगल्या पॅकलाही अधूनमधून, जागेपणी आणि देखरेखीखाली, हिरव्या दिव्यानंतर दोन-तीन तास चार्जरवर राहू द्यावे.

रेझिस्टरवर मोजले की सर्किटचा दोष उघड होतो. गट ४.२० च्या वर आहे आणि त्याच्या रेझिस्टरवर शून्य व्होल्ट: स्विच लागतच नाही. रेझिस्टरवर पूर्ण व्होल्टेज आहे पण तो थंडगार: रेझिस्टर उघडा पडला आहे. पॅक नुसता पडून आहे, गट ३.८ वर आहे आणि तरी रेझिस्टर कोमट लागतो: स्विच अडकला आहे. ६८ मिलिअँपिअर चोवीस तास वाहिले की दिवसाला दीड अँपिअर-अवरहून जास्त चार्ज जातो आणि दहा अँपिअर-अवरचा गट आठवड्यात रिकामा होतो. असा बोर्ड काढाच.

हाताने बॅलन्स करताना

मोठा फरक बोर्डावर सोडू नका. चार्जर आणि लोड दोन्ही काढा आणि मागे पडलेला गट एकटा चार्ज करा. एनएमसी सेलसाठी टीपी४०५६ चे छोटे मॉड्यूल चालते. ते ४.२ व्होल्टला थांबते आणि त्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर एक अँपिअर देते. एलएफपीला हे मॉड्यूल लावू नका. एका वेळी एकच गट घ्या. दोन मॉड्यूल एकाच यूएसबी ॲडॅप्टरवर घेऊन दोन गटांना लावली तर त्यांचे मायनस आतून जोडले जाऊन गट शॉर्ट होतो.

उलट एकच गट वर असेल तर त्यावर १० ओहम ५ वॉटचा सिमेंट रेझिस्टर लावा. तो ०.४२ अँपिअर घेतो. दर पंधरा मिनिटांनी मोजा आणि पॅक सोडून जाऊ नका.

२.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल साधारण ०.१ अँपिअरच्या बारीक करंटनेच ३.० पर्यंत आणा. तो तापला किंवा तासाभरात चढला नाही, तर बाद करा. दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडलेल्या सेलला जिवंत करायचा मोह टाळा. त्याच्या आतले तांबे विरघळून चार्जिंगच्या वेळी नको तिथे साचते आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. तो सेल वरून ठीक दिसेल आणि पुढे कधीतरी पेट घेईल.

गट बदलताना त्याच जातीचे, त्याच क्षमतेचे आणि तेवढेच वापरलेले सेल घ्या. जुन्या लॅपटॉपचे मिळेल ते सेल घालून पॅक जुळत नाही.

तापमानाचेही बघा

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला किंवा उन्हातून नुकताच आलेला पॅक चार्जिंग नाकारतो, ते बऱ्याचदा तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरमुळे. पॅक सावलीत तासभर निवू द्या आणि मग लावा. थर्मिस्टर तपासायचा तर बोर्डावरून सोडवून मोजा. १० किलोओहमचा असेल तर २५ अंशांना दहा हजार आणि ४० अंशांना पाच-सहा हजार ओहम दिसतात. त्याची वायर तुटली की बोर्डला अतिथंडी वाटते आणि तो चार्जिंग रोखतो. थंडीतही हे रोखणे योग्यच आहे, कारण शून्य अंशाखाली चार्ज केल्यास सेलमध्ये लिथियम धातू साचतो.

कुठे थांबायचे?

सेल फुगला, चार्जिंगमध्ये एकच गट तापू लागला, सुसकाऱ्यासारखा आवाज आला किंवा वास आला, तर तपासणी तिथेच संपवा. मेन स्विच बंद करा आणि धोका नसेल तरच पॅक उघड्यावर न्या. धूर विषारी असतो, तो श्वासात घेऊ नका. पेटलेल्या पॅकला थंड करायला भरपूर पाणी लागते. १०१ वर अग्निशमन दलाला कळवा. गिऱ्हाइकाला हेही सांगा की रात्री झोपताना, गादीवर किंवा घराच्या एकमेव दरवाज्याजवळ पॅक चार्ज करू नये.

बाद सेलच्या टोकांना टेप लावा आणि ते विक्रेत्याकडे किंवा मान्यताप्राप्त रिसायकलरकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. घंटागाडीत किंवा भंगारात टाकलेला सेल चेंगरला की तिथे आग लागते.

दुकानात एक वही ठेवा. आलेल्या प्रत्येक पॅकचे गटवार आकडे, तारीख आणि केलेले काम त्यात लिहा. तोच पॅक परत आला की निम्मे निदान त्या पानावर मिळेल. आणि गिऱ्हाइकाने कितीही घाई केली, ‘तात्पुरता डायरेक्ट करून द्या’ म्हटले, तरी नाही म्हणा. बीएमएस बायपास करून चालू केलेला पॅक दुरुस्त झालेला नसतो.